वाचकांचे प्रश्न : चालकाविना मोटार आपल्या दारात कधी येणार?

गेल्या अंकात ब्रेकवर लिहिताना सॅन फ्रान्सिस्कोत विनाचालक टॅक्सीत बसल्याचा उल्लेख मी दोन ओळींत केला होता. लेख राहिला बाजूला आणि जवळजवळ सगळी पत्रं त्या दोन ओळींवर आली. पुण्यात मोटारींच्या ब्रेकच्या चाचण्या घेण्यात माझी नोकरी गेली, आता निवृत्तीनंतर रस्ता-सुरक्षेचे वर्ग घेते. तेवढ्या अधिकाराने उत्तरं देते आहे. सारखी पत्रं एकत्र केली आहेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलं, म्हणून कोणाचंच छापलेलं नाही.

ताई, गाडीत खरंच कोणी नव्हतं का? भीती नाही वाटली? की लांब कुठे तरी बसून माणूस रिमोटने चालवत होता?
(निवृत्त एस.टी. कर्मचारी, सातारा)

काका, खरंच कोणी नव्हतं. मुलगी तिकडे असते, तिच्याकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. तिने फोनवरून वेमो कंपनीची गाडी बोलावली. पांढरी जॅग्वार आली. टपावर काळा घुमट आणि त्यावर मुलीच्या नावाची आद्याक्षरं उजळलेली, म्हणजे आपली गाडी कुठली ते ओळखू यावं. आम्ही मागे बसलो, पट्टे लावले, पडद्यावरचं बटण दाबलं आणि स्टिअरिंग आपलं आपण वळलं. सुरुवातीला नजर त्या फिरणाऱ्या चाकावरून हलत नाही.

भीतीपेक्षा माझं लक्ष ब्रेक कसा लागतो याकडे होतं, कारण इतकी वर्षं तेच काम केलं. घाबरलेला माणूस ब्रेक उशिरा आणि जोरात दाबतो, ते पाठीला लगेच कळतं. एका चढावर मालाचा ट्रक अर्धा रस्ता अडवून उभा होता. गाडीने बरंच आधी वेग उतरवला, थोडी बाजूला सरकली, समोरून सायकलवाला येत होता म्हणून थांबली, त्याला जाऊ दिलं आणि मग ट्रकला वळसा घातला. पाण्याचा पेला हातात असता तर सांडला नसता. ट्रकच्या आडून एक हमाल बाहेर आला. तो मला दिसायच्या आधी समोरच्या पडद्यावर त्याची आकृती उमटली होती. त्या गाडीला 29 कॅमेरे, 5 लायडर आणि 6 रडार आहेत. लायडर म्हणजे लेझरचे किरण सोडून, ते किती वेळात परत आले यावरून प्रत्येक वस्तूचं अंतर मोजणारं यंत्र. त्याला अंधाराचं काही वाटत नाही.

रिमोटबद्दल. अडलं तर गाडी कंपनीच्या केंद्रातल्या माणसाला प्रश्न विचारते, 'पुढची लेन बंद दिसते, दुसरीकडून जाऊ का' अशा तऱ्हेचा. तो उत्तर देतो. स्टिअरिंग आणि ब्रेक मात्र गाडीच्याच हाती राहतात.

आता मला खरं सांगायचं आहे ते हे. परतताना मुलीला एका मैत्रिणीकडे जायचं होतं. तिचं घर कंपनीच्या नकाशातल्या हद्दीबाहेर होतं, तर गाडी तो पत्ता घेईचना. त्या रेघेच्या आत प्रत्येक सिग्नल, फुटपाथची कड, थांब्याची पाटी आधी माणसांनी गाड्या फिरवून बारकाईने नोंदलेली. रेघेबाहेर त्या सेवेच्या दृष्टीने रस्ताच नाही. चालकाविना चालते ती गाडी आणि ती जागा मिळून. शिवाय मागे कार्यशाळा, चार्जिंगचा तळ, काचा पुसणारी माणसं, प्रश्नांना उत्तरं देणारी माणसं असतात. पुढची सगळी पत्रं वाचताना मला हेच पुन्हापुन्हा आठवत होतं.

आणि हे एका रात्रीत झालेलं नाही. 2004 साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहावीच्या वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत ठेवली. मार्ग दोनशेहून जास्त किलोमीटरचा. सगळ्यांत पुढे गेलेली गाडी 12 किलोमीटरच्या आत अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पुरी केली. गूगलने 2009 मध्ये काम हाती घेतलं, त्यातूनच वेमो निघाली, तरी फिनिक्समध्ये सर्वसामान्य प्रवाशाला रिकाम्या पुढच्या सीटची टॅक्सी मिळायला 2020 चा ऑक्टोबर उजाडला.

नवी एसयूव्ही घेतली, 'लेव्हल टू' आहे. शोरूममध्ये सांगितलं, हायवेला जवळजवळ स्वतःच चालते. हात सोडले की बीप वाजतो, म्हणून मित्राने स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवायची युक्ती दाखवली. समृद्धीवर वापरून पाहिली. धोका आहे का?
(व्यापारी, नाशिक)

दादा, ती बाटली आजच काढा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

लेव्हल म्हणजे गाडी किती आपोआप चालते त्याची पायरी. या पायऱ्या शून्य ते पाच अशा आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी लेन धरते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते, पण चालक तुम्हीच. नजर रस्त्यावर आणि जबाबदारी तुमची. तिसऱ्या पायरीवर ठरावीक परिस्थितीत गाडी चालवते आणि बोलावलं की तुम्ही ताबा घ्यायचा. मर्सिडीजला अशा गाडीसाठी जर्मनीत आणि अमेरिकेतल्या नेवाडा व कॅलिफोर्नियात परवानगी मिळाली, तीही मोजक्या रस्त्यांवर आणि वेगाची मर्यादा घालून. चौथी पायरी म्हणजे मी बसले ती टॅक्सी. पाचवी, म्हणजे कुठेही, केव्हाही चालणारी गाडी, जगात कोणाकडेच नाही. तुमची गाडी आणि ती टॅक्सी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. विक्रेत्याने 'जवळजवळ' म्हणून तेच झाकलं, याचा मला राग येतो.

तुमच्या गाडीचं रडार पुढे धावणाऱ्या वाहनाला छान पकडतं. पण रस्त्यावर न हलणाऱ्या वस्तू शेकडो असतात : पुलाचे कठडे, पाट्या, टोलनाक्याची कमान. प्रत्येकीला घाबरून ब्रेक लावला तर प्रवासच होणार नाही, म्हणून जास्त वेगात स्थिर वस्तूंकडे अशा बऱ्याच यंत्रणा कमी लक्ष देतात. गाडीसोबतच्या पुस्तिकेत हा इशारा छापलेला असतो, एकदा बसून वाचा. आता समृद्धीवर कडेला, मागचे दिवे न लावता उभा केलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. किंवा हंगामात तुमच्या नाशिक-पुणे रस्त्यावरची उसाची ट्रॉली : रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, वेग बैलगाडीचा. कॅमेऱ्याला ती कळेल, कदाचित नाही कळणार. 120 च्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर कापते. जागा असलेला, सावध माणूस ब्रेकवर पाय नेऊन गाडी पूर्ण थांबवेपर्यंत, रस्ता कोरडा असला तरी, साधारण 130 मीटर जातात. बाटलीच्या भरवशावर फोन बघणाऱ्याचा हिशेब तुम्हीच करा.

हा हिशेब एकदा प्रत्यक्षात झाला आहे. 2018 च्या मार्च महिन्यात ॲरिझोनातल्या टेंपी गावी उबरची चाचणीची गाडी रात्री रस्त्यावर होती. एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. यंत्रणेने तिला साडेपाच सेकंद आधी टिपलं होतं. पण ही अनोळखी वस्तू, की वाहन, की सायकल, असं यंत्रणेचं मत सारखं बदलत राहिलं. रस्ता भलत्या ठिकाणी ओलांडणारं माणूस असू शकतं हे तिला शिकवलेलंच नव्हतं. गाडीत मूळचा आपत्कालीन ब्रेक होता, तो चाचणीसाठी बंद केलेला. लक्ष ठेवायला नेमलेली चालक फोनवर कार्यक्रम बघत होती. ती बाई गेली. सरकारी तपासात हे सगळं नोंदलेलं आहे आणि माझ्या वर्गात मी दर वेळी ते सांगते. जे यंत्र बहुतेक वेळा बरोबर चालतं, त्याच्यावर नजर ठेवणं माणसाला फार जड जातं.

तुमच्या गाडीतला आपोआप लागणारा ब्रेक मात्र चुकूनही बंद करू नका. चाचणीच्या ट्रॅकवर तो मी जवळून पाहिला आहे. फोमचा माणूस एका सपाट फळीवर उभा करून गाडीसमोर ओढतात. त्याचे पाय चालल्यासारखे हलतात, कारण हलणाऱ्या पायांवरूनही यंत्र माणूस ओळखतं. उन्हात गाडी हातभर आधी थांबते. तीच चाचणी संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, समोरून दुसऱ्या गाडीचा प्रकाश पडत असताना घेतली की कधी कधी फोमचा माणूस उडतो. शहरात हा ब्रेक कोणाचं तरी लेकरू वाचवेल. संध्याकाळी त्याच्यावर विसंबू नका.

मी कोल्हापूर-मुंबई मालाची गाडी चालवतो. गडकरीसाहेब म्हणाले येऊ देणार नाही. पोरगं म्हणतं, बाबा, तुमचं काम जाणार. खरं काय?
(ट्रकचालक, कोल्हापूर)

दादा, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. गडकरी 2017 पासून हे बोलत आले आहेत. 2023 च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या कार्यक्रमातही त्यांनी सांगितलं की, चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. मंत्र्यांचा शब्द ते मंत्री असेपर्यंतचा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बाहेर काय चाललंय ते सांगते. अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅलस ते ह्युस्टन या सरळ महामार्गावर अरोरा नावाच्या कंपनीने 2025 मध्ये चालकाविना मालाचे ट्रक सोडले. थोड्याच दिवसांत ट्रक बनवणाऱ्या कंपनीने आग्रह धरला म्हणून केबिनमध्ये पुन्हा एक माणूस बसवावा लागला. म्हणजे गोष्ट सुरू झाली आहे, पण अडखळत. चीनमध्ये वुहान शहरात बायदू कंपनीच्या विनाचालक टॅक्सी स्वस्त भाड्यात फिरू लागल्या तेव्हा, 2024 साली, तिथल्या टॅक्सीवाल्यांनी सरकारकडे गाऱ्हाणं नेलं. तुमच्या पोटातली भीती तिथे खरी ठरली आहे, ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

'नव्या नोकऱ्या निर्माण होतील' असं सांगून लोक तुमची समजूत घालतील. होतील. तळावर गाड्या धुणारे, चार्ज करणारे, रस्त्यात बंद पडलेली गाडी आणणारे लागतात. पण ज्याची गाडी गेली त्यालाच ती नोकरी मिळते असं नाही, आणि शंभर जागी शंभर मिळतात असंही नाही. तिकडे चालकाचा पगार हा वाहतुकीतला मोठा खर्च, म्हणून तो वाचवायला लाखो डॉलरची यंत्रं परवडतात. आपल्याकडे चालकाला मिळतं ते इतकं कमी की ते गणित आज तरी जुळत नाही. तुमचं काम टिकण्याचं एक कारण तुमचा कमी पगार आहे, हे लिहिताना मला वाईट वाटतं.

आणि तुम्ही नुसतं स्टिअरिंग फिरवत नाही. दोरखंड आवळणं, ताडपत्री, ई-वे बिल, रात्री पंक्चर, कशेडी-खंबाटकीसारख्या घाटात गिअरवर गाडी उतरवणं, गोदामाच्या बोळात मागे घेणं, मालावर राखण. यांतलं एकही काम त्या टेक्सासच्या ट्रकला येत नाही. तिथे दोन्ही टोकांना माणसंच चढ-उतार करतात.

माझं मत विचाराल तर तुमच्या संघटनेने आज भांडायचं ते झोपेसाठी. 1961 च्या कायद्यानेच वाहतूक कामगाराला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. तुम्ही किती तास चालवता ते तुम्हाला माहीत. 2025 मध्ये नव्या मध्यम आणि जड मालट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, हे चालकांच्या बाजूने पडलेलं एक खरं पाऊल. मालक नवी गाडी घेताना हे मागून घ्या. पोराला शिकवा, पण बापाचं काम हलकं आहे असं त्याच्या मनात येऊ देऊ नका.

माझ्या यजमानांची दृष्टी गेली आहे. बँकेत जायचं तरी कोणाला तरी रजा घ्यावी लागते. अशी गाडी आली तर ते एकटे जाऊ शकतील का?
(गृहिणी, डोंबिवली)

ताई, तुमचं पत्र मी सगळ्यांत आधी वाचलं. या सगळ्या खटाटोपाचं मोल जर कशात असेल, तर तुमच्या प्रश्नात.

अमेरिकेत स्टीव्ह महान म्हणून एक अंध गृहस्थ आहेत. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा भागात अंधांसाठी काम करणाऱ्या केंद्राचे ते प्रमुख होते. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्टिन शहरात ते गूगलच्या विनाचालक गाडीत एकटे बसून फिरले. गाडीत ना स्टिअरिंग ना पेडल. आज त्या शहरांतली अंध माणसं अशा टॅक्सी रोजच्या कामाला वापरतात. दारात उभी असलेली गाडी सापडावी म्हणून फोनवरून तिचा हॉर्न वाजवता येतो. गाडी कुठवर आली, कुठे वळली हे ती बोलून सांगते. सोबत वाट दाखवणारा कुत्रा असला तर चालक 'नाही' म्हणून पुढे निघून जातो, हा तिथल्या अंधांचा जुना, कडू अनुभव. इथे 'नाही' म्हणायला कोणी नसतं.

पण गाडी फाटकाशी थांबते. फाटकापासून बँकेच्या पायरीपर्यंत उघडं गटार, उभ्या दुचाकी, खोदलेला फुटपाथ, हे सगळं यजमानांना तसंच पार करायचं आहे. आज चांगला रिक्षावाला उतरून हात देतो. गाडी उतरून हात देणार नाही. डोंबिवलीत अशी टॅक्सी यायला मी सांगेन ती मुदत खोटी ठरेल, म्हणून सांगत नाही. फुटपाथ मात्र आज करता येतो. रेल्वे स्थानकावर पिवळ्या, उंचवट्याच्या फरशा असतात ना, त्या स्थानकाच्या दारापाशी संपतात. त्या बाजारपेठेपर्यंत, बँकेपर्यंत याव्यात म्हणून महापालिकेत अर्ज करा. मसुदा मी लिहून देते. संपादकांकडे माझा पत्ता आहे.

मी अकरावीत आहे. आपल्या रस्त्यावर गाई, राँग साइडच्या बाइक, मिरवणुका. इथे विनाचालक गाडी कधीच चालणार नाही असं सर म्हणतात. मला यातच संशोधन करायचं आहे. करू का?
(विद्यार्थी, लातूर)

कर बाळ, जरूर कर.

सरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. गाडीला रस्ता ओळखायला शिकवण्यासाठी हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2018 च्या सुमारास भारतीय रस्त्यांच्या दहा हजार चित्रांचा एक संच जाहीर केला. हैदराबाद, बंगळुरू आणि आसपास कॅमेरा लावून गाडी फिरवली आणि चित्रातला प्रत्येक ठिपका कशाचा आहे ते नोंदलं. तोवर जगभर वापरात असलेले संच मुख्यतः जर्मनीसारख्या देशांतले. त्यात रिक्षा हा प्रकारच नव्हता. या संचात रिक्षाला स्वतःचा रकाना मिळाला, जनावरांना मिळाला. मला सगळ्यांत आवडला तो आणखी एक रकाना : रस्ता नाही, पण वेळ आली तर गाडी घालता येईल अशी जागा. आपली साइडपट्टी. डांबर कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते हे जिथे नक्की नाही, तिथे हा रकाना लागतोच. कोणीतरी आपल्या रस्त्याकडे नीट बघून शास्त्र केलं, म्हणून मला त्या कामाचा अभिमान वाटतो. तो संच विद्यार्थ्यांना मिळतो. कॉलेजात गेलास की उघडून बघ.

भोपाळची 'स्वायत्त रोबोट्स' ही छोटी कंपनी बोलेरो गाडी आपल्या गल्ल्यांतून आणि कच्च्या रस्त्यांवरून चालकाविना नेण्याचे प्रयोग करते आहे. आयआयटी हैदराबादच्या तिहान केंद्राने विनाचालक बस आपल्या आवारात चालवली. म्हणजे 'कधीच नाही' हे बरोबर नाही.

पण अवघड काय आहे ते ओळख. गाय दिसणं अवघड नाही, गाय मोठी असते. अवघड आहे ते माणसांचं आपसातलं बोलणं. लातूरला गांधी चौकात संध्याकाळी उभा राहा आणि फक्त हात बघ. बाइकवर मागे बसलेली बाई तळवा दाखवते आणि ट्रक थांबतो. एस.टी.चा कंडक्टर पत्र्यावर थाप मारतो. रिक्षावाला पाय बाहेर काढून वळणार असल्याचं सांगतो. म्हातारा रस्ता ओलांडताना गाडीकडे बघतच नाही, आणि तो बघत नाही म्हणूनच सगळे थांबतात. हे सगळं अर्ध्या सेकंदात कळतं आणि कुठल्याही पुस्तकात नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गाडीला हे आलं नाही तरी चालतं, कारण तिथे लोक बहुतेक वेळा रेघेत असतात. आपल्या गाडीला हे आलं नाही तर ती चौकात उभीच राहील. सगळ्यांना आधी जाऊ देत, दिवसभर.

आषाढात पालख्या निघाल्या की रस्तेच्या रस्ते दिवसभर वळवलेले असतात. आदल्या आठवड्यात केलेला नकाशा त्या दिवशी निरुपयोगी. यावरही कोणी तरी काम करायला हवं, आणि ते करणाऱ्याला वारी ठाऊक असलेली बरी.

आत्ता गणितात संभाव्यता आणि मॅट्रिक्स मन लावून कर. फोनवर चौकाची चित्रफीत घे, घरी बसून दर हाताचा अर्थ वहीत लिही. मला पाठव. मी वाचेन.

अशा गाडीने कोणाला उडवलं तर गुन्हा कोणावर? विमा कोण देणार?
(वकील, सोलापूर)

वकीलसाहेब, तुमच्या प्रांतात फार शिरत नाही. ब्रिटनने 2024 मध्ये कायदा केला. त्यात परवानगी मिळालेली गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालण्याचा दोष आतल्या माणसावर येत नाही, ज्या कंपनीने परवानगी घेतली तिच्यावर येतो. जर्मनीने 2021 च्या कायद्यात देखरेख करणारा माणूस नेमून देणं बंधनकारक केलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने '2 ब' कलम आलं, संशोधनासाठी काही वाहनांना सूट देता येते एवढंच.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 2023 ची घटना. 2 ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या एका मोटारीने एका बाईला धडक दिली. ती फेकली गेली ती क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीसमोर. गाडी तिला धडकून थांबली. पण मग कडेला जायचं म्हणून पुन्हा निघाली आणि बाईला साधारण सहा मीटर फरफटत नेलं. माणूस असता तर उतरून खाली बघितलं असतं. त्याहून वाईट म्हणजे, फरफटत नेल्याची माहिती कंपनीने सुरुवातीला पूर्ण दिली नाही असं राज्याच्या परिवहन खात्याने म्हटलं आणि त्याच महिन्यात परवाना रोखला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने त्या टॅक्सीचा खर्चच थांबवला. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा अपघाताची सगळी नोंद, चित्रणासकट, ठरावीक तासांत सरकारला आणि जखमीच्या घरच्यांना द्यायची सक्ती त्यात असलीच पाहिजे. वकील मंडळींनी हे आतापासून लावून धरा. 2022 मध्ये आपल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांतल्या कितींच्या घरच्यांना नेमकं काय घडलं ते कळलं?

लाइट गेली आणि सिग्नल बंद पडले तर?
(गृहिणी, परभणी)

तेच झालं. 20 डिसेंबर 2025 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागाची वीज गेली आणि वेमोच्या कित्येक गाड्या विझलेल्या सिग्नलपाशी खोळंबल्या, मागे रांगा लागल्या. कंपनीला सेवा थांबवावी लागली. बंद सिग्नलवर चौकातून कसं निघायचं ते गाडीला ठाऊक होतं. पण एकाच वेळी इतक्या गाड्या 'जाऊ का' विचारू लागल्यावर उत्तरं देणारी माणसं पुरली नाहीत. परभणीकरांना बंद सिग्नलची सवय आहे, हा आपला फायदा म्हणावा की तोटा ते मी ठरवू शकत नाही.

मग आपल्याकडे पहिल्यांदा कुठे दिसेल?
(वाचक, ठाणे)

रुळांवर दिसलीसुद्धा. दिल्ली मेट्रोची मॅजेंटा मार्गिका 28 डिसेंबर 2020 पासून चालकाविना धावते. तिला कुंपण आहे, म्हणून ते जमलं. रस्त्यावरचं म्हणाल तर बंद आवारं : खाणी, बंदरं, विमानतळ, कारखाने. ऑस्ट्रेलियात पिलबाराच्या लोखंडाच्या खाणींत राक्षसी डंपर कित्येक वर्षं चालकाविना माल वाहतात. तिथे पायी चालणारं माणूस मध्ये येत नाही.

वय 68. गाडी चालवायची भीती वाटू लागली आहे. विनाचालक गाडी येईपर्यंत ही जुनी ठेवू, की विकून टाकू?
(निवृत्त प्राध्यापक, पुणे)

सर, तिची वाट बघू नका. 55 नंतर परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्याला डॉक्टरांचा नमुना 1अ लागतो. तो दाखला एजंटाकडून आणू नका. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन मोतीबिंदू, काचबिंदू आणि बाजूची नजर तपासून घ्या, कारण चौकात घात होतो तो बाजूचं न दिसल्याने. डॉक्टर ठीक म्हणाले तर दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर चालवा. रात्रीचं आणि पावसातलं सोडून द्या. मान वळवताना दुखत असेल तर आधी त्याचा इलाज. डॉक्टर नाही म्हणाले तर गाडी विका. ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि रिक्षा-कॅबवर हात न आखडता खर्च करा. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग वाचल्यावर ते किती महिने पुरतात ते कागदावर मांडून बघा. आकडे पाठवलेत तर पुढच्या अंकात त्यावर सविस्तर लिहीन.